न गाजलेली तबकडी

गाजलेल्या कलाकृतीला भेटायला जावे, तर तिच्या दारात आधीच रांग लागलेली असते. न गाजलेलीचे तसे नाही. ती घरात एकटीच असते. आपण गेलो की निवांतपणे मनातले सांगू लागते. पॉल सायमन या अमेरिकन रॉक गायक-कवीच्या ‘हार्ट्‌स अँड बोन्स’ या १९८३ सालच्या तबकडीकडे मी पुनःपुन्हा जातो, तो यासाठीच.

तिची जन्मकथा मोठी विलक्षण आहे. आर्ट गारफंकल हा सायमनचा शाळेपासूनचा मित्र. दोघांची जोडी १९७० मध्ये फुटली. पुढे १९ सप्टेंबर १९८१ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ती पुन्हा गायली, तेव्हा सुमारे ५ लाख माणसे लोटली होती. मग नवी तबकडीही दोघांनी मिळून करायचे ठरले. गारफंकलने काही गाणी गाऊनही ठेवली. पण ती गाणी सायमनच्या अगदी खासगी आयुष्यातली होती. अभिनेत्री कॅरी फिशर हिच्यावर जडलेले, तुटलेले, पुन्हा जुळलेले प्रेम त्यांत होते. अखेर त्याने मित्राचा आवाज पुसून टाकला. तबकडी एकट्याच्या नावावर निघाली आणि पडली. त्याच वर्षी कॅरीशी झालेले लग्नही पुढच्या वर्षी मोडले.

मित्राचा आवाज पुसणे हे निष्ठुरच. तरी शीर्षकगीत ऐकताना वाटते, येथे दुसरा गळा नको होता. आपल्या घरातली कुरबुर माणूस एकट्यानेच, हलक्या आवाजात सांगतो. साथीला कोणी गोड सूर लावला, तर ऐकणाऱ्याचे लक्ष सुरांकडेच जायचे.

आणखी एका गाण्यात बेल्जियन चित्रकार रने माग्रित, त्याची पत्नी जॉर्जेट आणि त्यांचा कुत्रा येतात. एका छायाचित्राखालच्या ओळीवरून ते सुचले. हे प्रौढ जोडपे मनातल्या मनात जुन्या अमेरिकन गाण्यांवर लुब्ध आहे, एवढीच कल्पना. पण ऐकताना डोळे ओलावतात. शेवटच्या गाण्यात १९५४ च्या नाताळात मेलेला गायक जॉनी एस आणि १९८० मध्ये खून झालेला जॉन लेनन एकत्र आठवले आहेत. त्याच्या अखेरीची सुरावट फिलिप ग्लास या संगीतकाराची आहे. गाणे संपते आणि ती उदास सुरावट मागे उरते.

तीन वर्षांनी, १९८६ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील वादक-गायकांच्या साथीने केलेल्या ‘ग्रेसलँड’ने सायमनला पुन्हा शिखरावर नेले. तेव्हापासून जाणकार म्हणतात, आधीचे अपयश ही त्या यशाची पायरी होती. असेलही. पण पायरी काय केवळ चढण्यासाठीच असते? देवदर्शन झाल्यावर आपण देवळाच्या पायरीवर घटकाभर टेकतोच की! या तबकडीपाशी मी तसाच टेकतो.