कधी बंद पडते?

“काल संध्याकाळपर्यंत चांगली होती हो.” आंबिवली स्टेशनकडून गाडी ढकलत माझ्या गॅरेजपर्यंत आणणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच म्हणतो, आणि त्यात खोटं काही नसतं. सकाळी गाडी स्टेशनबाहेर लावायची, लोकल पकडायची आणि रात्री परतल्यावर किक मारायची, असा आमच्याकडच्या मोटरसायकलींचा दिवस. बारा-चौदा तास ती उन्हापावसात उभी असते आणि तिला काय झालं ते बघायला कोणी नसतं.

म्हणून पाना हातात घेण्याआधी मी विचारत बसतो. गार असताना चालू होत नाही, की तापल्यावर बंद पडते? चोक ओढल्यावर उभी राहते का? बंद पडताना दिवा विझावा तशी एकदम गेली, की आधी झटके देत गुदमरली? एकदम गेली असेल तर माझं लक्ष करंटकडे जातं, गुदमरत गेली असेल तर पेट्रोलकडे. गिऱ्हाईक घाईत असतं, त्याला वाटतं मिस्त्री वेळ काढतोय. पण माझं निम्मं काम या पाच मिनिटांत होतं.

बाकीचं काम तसं सरळ आहे. आधी इंजिन बंद करायचं लाल बटण बघायचं. टाकीवर बसलेल्या लहान मुलाने ते दाबलेलं असतं आणि बाप घामाघूम होऊन किका मारत असतो. मग प्लग काढायचा, कॅपमध्ये घालून इंजिनाला टेकवायचा आणि किक मारायची. निळा, टणक आवाजाचा करंट हवा. पिवळट, भुरभुरता असेल तर दाबाखाली तो टिकत नाही. प्लग ओला आला तर पेट्रोल पोचतंय पण जळत नाही. कोरडा आला तर पोचतच नाही. कोरडा असेल तर कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून धार बघायची. दोन्ही ठीक असेल तर प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून किक मारायची. इंजिनाने अंगठा उडवला पाहिजे. हे कुठलाही पोरगा सहा महिन्यांत शिकतो. पण ही तपासणी बिघाड समोर असतानाच करायची असते, आणि नेमकं तेच जमत नाही. गाडी माझ्या दारात येईपर्यंत गार झालेली असते आणि पहिल्या किकला चालू होते.

एका काकांची जुनी स्प्लेंडर अशीच होती. स्प्लेंडर १९९४ साली बाजारात आली. यांची त्यानंतर काही वर्षांनी घेतलेली, जिवापाड जपलेली. मोहन्यातली एनआरसी ही रेयॉनची कंपनी २००९ साली बंद झाली, त्यानंतर या भागातल्या कितीतरी घरांत नवीन गाडी घ्यायचा विषयच निघाला नाही. आहे तीच गाडी चालवायची आणि तीच दुरुस्त करायची. काकांची तक्रार अशी की गाडी वाटेत बंद पडते, दहा मिनिटं थांबलं की चालू होते. मी ऐकलं आणि लगेच ठरवून टाकलं: कॉइल. तापली की कॉइलची आतली तार सुटते, करंट जातो. निवली की परत येतो. लक्षण तंतोतंत जुळत होतं. नवी कॉइल बसवली, पैसे घेतले. पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा बंद.

तेव्हा मी पहिल्यांदा नीट विचारलं. “काका, कधी बंद पडते?” ते म्हणाले, “दर मंगळवारी.” मंगळवारी ते टिटवाळ्याच्या गणपतीला जात. एरवी घर ते स्टेशन एवढंच चालवणं. आणि मंगळवारी निघताना ते टाकी काठोकाठ भरून घेत, आठवडाभराची सोय म्हणून.

पुढच्या मंगळवारी मी त्यांच्या मागे बसलो. बल्याणीच्या पुढे गाडी गुदमरायला लागली, दोन झटके दिले आणि थांबली. काकांचा पाय सवयीने किककडे गेला. मी म्हटलं, थांबा, हात नका लावू. खाली उतरून टाकीचं झाकण उघडलं. फुस्स करून हवा आत गेली. झाकण उघडंच ठेवून किक मारायला सांगितलं. दुसऱ्या किकला गाडी चालू.

झाकणातलं हवेचं भोक मातीने आणि धुण्याच्या साबणाने बुजलं होतं. लिटरला ६० किलोमीटर देणारी गाडी ५ किलोमीटर चालली की ८०-८५ मिली पेट्रोल जातं, आणि तेवढी जागा भरायला बाहेरून हवा आत यावीच लागते. ती आली नाही की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. टाकी अर्धी असेल तर आत हवा पुष्कळ, ती थोडी विरळ झाली तरी चालून जातं. काठोकाठ भरली की आत जेमतेम कपभर हवा, ती लगेच ताणली जाते. दहा मिनिटांत झाकणाच्या वायसरमधून थोडी थोडी हवा शिरते, म्हणून गाडी परत चालू होते. काकांनी मला सगळं सांगितलं असतं. मी विचारलंच नव्हतं.

बारीक तारेने भोक मोकळं केलं. जुनी कॉइल परत बसवली आणि नवीचे पैसे त्यांच्या खिशात घातले.

‘हात नका लावू’ हे मी शिकलो त्याला खूप वर्षं झाली. २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि इकडे उल्हास आणि काळू या दोन्ही नद्या चढल्या होत्या. मी तेव्हा उस्तादांकडे शिकत होतो. पाणी ओसरल्यावर गाड्यांची रांग लागली, चिखलाने भरलेल्या, काहींच्या चाकांत गवत अडकलेलं. माणसं घरातला चिखल तसाच टाकून आधी गाडी घेऊन आली होती, कारण गाडीवर रोजी होती. उस्ताद प्रत्येकाला आधी एकच विचारत, “किक मारली का?” पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि जी गाडी ऑइल बदलून वाचली असती तिचं इंजिन खोलावं लागतं. आम्ही प्लग काढून हलक्या हाताने किक फिरवायचो; भोकातून गढूळ पिचकारी उडायची. खालून ऑइल यायचं ते दुधाच्या चहासारखं. ऑइल भरायचं, थोडा वेळ चालवायचं, काढायचं, पुन्हा भरायचं, त्याचा रंग परत येईपर्यंत. ज्यांनी घाबरून काही केलं नव्हतं त्यांच्या गाड्या सहज उठल्या.

२०२० च्या टाळेबंदीनंतर वेगळीच रांग. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्या. चोकवर चालायच्या, चोक बसवला की बंद. वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं, खाली मधासारखा चिकटा राहिलेला आणि त्याने पायलट जेट बुजलेला. जेट पितळेचा असतो, भोक सुईच्या टोकाहून बारीक. घाईत पोलादी तार घातली की भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. मी वायरीतली तांब्याची एक बट सोलून घेतो, पेट्रोलमध्ये बुडवून हळूच फिरवतो, मग जेट उजेडाकडे धरतो. आत उजेडाचा गोल ठिपका दिसायला हवा. एका बाजूला चेपलेला दिसला तर अजून घाण आहे.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत कार्ब्युरेटरची जागा इंजेक्शनने घेतली. काही जुने मिस्त्री त्यांच्यावर चिडतात, मला ते पटत नाही. या गाड्या उलट जास्त सांगतात. मीटरवरचा पिवळा दिवा लांब-आखूड लुकलुकतो, ते मोजलं की कुठल्या सेन्सरपाशी बघायचं ते कळतं. बॅटरी कमजोर असेल तर त्या किकलाही दाद देत नाहीत, हेही आता अंगवळणी पडलंय. आणि चावी फिरवली की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद बारीक गुणगुणतो. तो आवाज आला नाही तर पुढचं काही खोलायची गरजच नसते.

तो आवाज फार हलका असतो. गॅरेजमध्ये पूर्वी दिवसभर रेडिओ चालू असे, तो मी काढून टाकला. आता गाडी आत आली की हाताखालचा पोरगा पंखा बंद करतो आणि वरून लोकल जात असेल तर आम्ही दोघं ती जाईपर्यंत थांबतो. मग मी चावी फिरवतो.