फायनल इयरची सर्जरी : लाखनीत केलेला अभ्यास

जनरल सर्जरी हा एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाचा, म्हणजे थर्ड एमबीबीएस पार्ट टूचा विषय. त्याचे लेखी पेपर दोन. ऑर्थोपेडिक्स, भूलशास्त्र आणि रेडिओलॉजी यांची विचारपूसही सर्जरीच्याच छत्राखाली होते. महाराष्ट्रात ही परीक्षा नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. ते १९९८ मध्ये स्थापन झाले. त्याआधी पूर्व विदर्भातील मुलांच्या गुणपत्रिका नागपूर विद्यापीठ देत असे. लेखी आणि प्रात्यक्षिक यांत वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागते, आणि सर्जरीची सगळी गोम इथेच आहे. घोकंपट्टीवर लेखी निघते. प्रात्यक्षिकात मात्र खाटेवर जिवंत माणूस असतो, आणि परीक्षकाचे लक्ष विद्यार्थ्याच्या बोटांकडे असते.

लाखनी हे भंडारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव मुंबई-कोलकाता महामार्गावर, नागपूरपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. येथील डॉक्टर होऊ पाहणारी मुले पूर्वापार नागपूरला ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ या शासकीय महाविद्यालयांत जात; २०१६ मध्ये गोंदियाला शासकीय महाविद्यालय निघाले आणि २०२४ मध्ये खुद्द भंडाऱ्यालाही. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण भंडाऱ्याची सोय होण्याआधीचे. वॉर्ड नागपुरात आणि परीक्षेपूर्वीच्या सुट्टीतले वाचन लाखनीच्या घरात, अशी त्याची वाटणी होती. ही वाटणी गैरसोयीची वाटली तरी सर्जरीपुरती ती फायद्याचीच ठरली. पुस्तकात जे आजार दोन ओळींत उरकलेले असतात, त्यांतले बरेच या जिल्ह्यात आळीआळीला भेटतात.

पुस्तके तीन लागतात. ‘बेली अँड लव्ह’ १९३२ पासून चालत आलेले, जाडजूड, वाचायला रसाळ आणि परीक्षेच्या आदल्या महिन्यात हाती धरण्यास पूर्ण अयोग्य. ते दुसऱ्या वर्षापासून सावकाश वाचावे. मंगळूरच्या श्रीराम भट यांचे ‘एसआरबी’ हे गुण मिळवून देणारे पुस्तक. त्यातले मुद्दे जसेच्या तसे उत्तरपत्रिकेत उतरतात. आणि कोलकात्याचे एस. दास यांचे क्लिनिकल सर्जरीचे पुस्तक, ज्याच्यावाचून केस मांडता येत नाही. हॅमिल्टन बेली यांनी १९२७ मध्ये शारीरिक खुणांवरचे पुस्तक छायाचित्रांसह काढले. रुग्ण कसा तपासावा हे चित्रांतून दाखवण्याची वाट तेव्हाच रुळली. दासांचे पुस्तक त्याच वाटेवरचे, पण त्यातले रुग्ण आपल्याकडचे दिसतात.

क्लिनिकल अभ्यासाचा कणा म्हणजे क्रम. आधी रुग्णाची हकिकत, मग नुसत्या डोळ्यांनी पाहणे, मग हात लावणे, मग गरजेप्रमाणे ठोकून आणि ऐकून पाहणे, शेवटी त्या भागाच्या लसिका ग्रंथी. गाठ असेल तर जागा, आकार, पृष्ठभाग, कडा, घट्टपणा, ती कातडीला चिकटली आहे की खालच्या स्नायूला, हे सर्व ठरलेल्या ओळीने सांगायचे. विद्यार्थ्यांना वाटते की गुण निदानाला आहेत. ते तसे नाहीत. निदान बरोबर असून लसिका ग्रंथी तपासायच्या राहिलेला विद्यार्थी परीक्षकाच्या नजरेतून उतरतो. उलट निदान डळमळीत असूनही प्रत्येक पायरी दाखवणारा बहुधा निभावून जातो. म्हणून लाखनीच्या घरात वाचन मोठ्याने होई. समोर उशी ठेवून तिच्यावर ‘थायरॉइड’ तपासला जाई, खाटेच्या पायाला दोरा बांधून रीफ नॉट आणि सर्जन्स नॉट मारल्या जात. घरच्यांनी यावर फारसे बोलणे सोडून दिले होते.

अंडवृद्धी, म्हणजे हायड्रोसील, हा शॉर्ट केसचा सर्वांत हमखास विषय. पुस्तकी मांडणी सोपी आहे : सूज फक्त अंडकोशात असते, तिच्या वर बोटे मिळतात, लहर जाणवते, अंड वेगळे हाताला लागत नाही, आणि अंधारात टॉर्च लावली तर सूज लालसर उजळते. ही शेवटची, उजेड पार होण्याची खूण विद्यार्थ्याला फार आवडते, कारण ती डोळ्यांना दिसते. पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर हा पट्टा हत्तीपाय रोगाचा आहे. वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी हा धाग्यासारखा जंत क्युलेक्स डासातून शरीरात येतो आणि लसिका वाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतो. अशा रुग्णाच्या पिशवीची भिंत जाड होते, कधी आत दुधाळ लसिकाद्रव साचतो, आणि मग टॉर्चचा उजेड पलीकडे जात नाही. पुस्तकाच्या नियमावर बोट ठेवून बसलेला विद्यार्थी येथे अडखळतो. प्रस्तुत लेखकाला परीक्षेत नेमकी अशीच केस लागली. ‘उजेड पार होत नाही; तरी हायड्रोसील का म्हणता?’ हा प्रश्न आला. भिंतीची जाडी, लहर, वर बोटे मिळणे आणि रुग्णाचे भंडारा जिल्ह्यातले गाव, एवढ्यावर उत्तर देता आले. गावाचे नाव हकिकतीच्या पहिल्याच ओळीत विचारायचे असते. ते निव्वळ शिष्टाचारासाठी नसते.

पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो : शस्त्रक्रिया कोणती? पातळ पिशवी असेल तर लॉर्डची चुण्या घालण्याची पद्धत, मोठी असेल तर जाबूलेची पिशवी उलटवण्याची, आणि भिंत जाड झाली असेल तर पिशवीचा बराच भाग कापून काढणे. रक्त साकळणे ही या तिन्हींची मुख्य गुंतागुंत. हत्तीपायाच्या जंतांची पिल्ले रक्तात रात्री उतरतात, म्हणून तपासणीचे रक्त रात्री घेतात. आरोग्य कर्मचारी रात्री घरोघर का फिरतात, हे या भागातील विद्यार्थ्याला पुस्तक उघडण्याआधीच ठाऊक असते. डीईसी आणि अल्बेंडाझोल यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन देऊन तिहेरी औषधांची सामुदायिक मोहीम देशात प्रथम ज्या थोड्या जिल्ह्यांत झाली, त्यांत २०१९ मध्ये नागपूर होते. हा तपशील कम्युनिटी मेडिसिनचा, पण सर्जरीच्या तोंडीतही तो चालतो.

हर्निया दुसऱ्या क्रमांकावर. धानाची पोती उचलणारा, खोकला जुना असलेला, लघवीला जोर लावावा लागणारा माणूस, असे तिन्ही कारणांचे रुग्ण या भागात भेटतात. रुग्णाला उभे करूनच तपासायचे, खोकायला लावायचे, मग इन्ग्वायनल लिगामेंटच्या मध्यबिंदूच्या सव्वा सेंटीमीटर वर अंगठा दाबून पुन्हा खोकायला लावायचे. सूज अडली तर हर्निया इनडायरेक्ट, न अडली तर डायरेक्ट. बासिनीची दुरुस्ती १८८० च्या दशकातली, लिक्टनस्टाइनची जाळीची पद्धत १९८० च्या दशकातली; दोन्ही याव्याच लागतात. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी जाळी न वापरता एक्स्टर्नल ऑब्लिकच्या पट्टीने भिंत बळकट करण्याची पद्धत २००१ मध्ये प्रसिद्ध केली. ती सांगणाऱ्या मराठी विद्यार्थ्याकडे परीक्षक थोडे मान वर करून पाहतात, असा अनुभव आहे.

व्रण, म्हणजे अल्सर, हा विषय विद्यार्थी टाळतात, कारण त्यात वास असतो. वास्तविक गुणांच्या दृष्टीने त्याच्याइतका उदार विषय नाही. सगळे कडेवर ठरते. उतरती कड भरत चाललेल्या व्रणाची, आतून पोखरलेली क्षयाची, पंचने काढल्यासारखी सरळ कड संवेदना गेलेल्या पायाची, बाहेर उलटलेली कर्करोगाची. पूर्व विदर्भात यात दोन भर पडतात. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळव्यावरचा व्रण ही एक, आणि सिकलसेलच्या रुग्णाच्या घोट्यावरचा, भरून पुन्हा फुटणारा व्रण ही दुसरी. सिकलसेल विदर्भात इतका आहे की पोटदुखीच्या प्रत्येक केसमध्ये त्याचे नाव घ्यावे लागते. सिकलसेलचा झटका ॲपेंडिक्ससारखा दिसू शकतो, आणि कमी वयात पित्ताशयात खडे सापडले तर रक्त तपासल्याशिवाय पुढे जायचे नसते. भूल देताना अशा रुग्णाला थंडी, पाण्याची कमतरता आणि ऑक्सिजनची तूट या तिन्हींपासून जपायचे, हे वाक्य लेखी पेपरात दोनदा कामी आले.

तोंडाचा कर्करोग लाँग केस म्हणून येतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकमध्ये घोटून केलेला खर्रा हे त्याचे या भागातील कारण. विद्यार्थी हकिकतीत नुसते ‘तंबाखू’ लिहितात. खर्रा किती, किती वर्षे आणि गालाच्या कोणत्या बाजूला ठेवतो, हे विचारले तर व्रण कुठे असेल ते तोंड उघडण्याआधी कळते. तोंड पुरते उघडतच नसेल तर सबम्युकस फायब्रोसिस. मानेच्या ग्रंथींचे स्तर बोटावर मोजता यायला हवेत.

अपघात हा विषय लाखनीच्या माणसाला शिकवावा लागत नाही. महामार्ग गावाला चिरून जातो. आता त्यावर उड्डाणपूल आहे. पॉलिट्रॉमाच्या उत्तरात श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, मेंदूची जाणीव आणि अंगावरील इतर इजा या ओळीने लिहायचे. ही ओळ ज्या एटीएलएस पद्धतीतून आली, तिचा उगमही ग्रामीणच आहे. १९७६ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्कात जेम्स स्टायनर या अस्थिशल्यविशारदाचे विमान शेतात कोसळले. जवळच्या लहान रुग्णालयात त्याच्या मुलांवर झालेले उपचार पाहून तो हादरला, आणि दोन वर्षांत पहिला अभ्यासक्रम उभा राहिला. शुद्धीचे मोजमाप १९७४ च्या ग्लासगो मापाने. किमान गुण तीन, शून्य नव्हे. हा प्रश्न तोंडीत फार जणांना पाडतो.

लेखी उत्तरात आकृती काढणाऱ्याचे नुकसान होत नाही. कॅलॉटचा त्रिकोण, इन्ग्वायनल कॅनॉल, स्तनाच्या लसिका वाहिन्या आणि थायरॉइडचा रक्तपुरवठा, एवढ्या चार आकृत्या डोळे मिटून आल्या की पुरे. बाकीच्यांवर वेळ घालवू नये.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी लाँग केसला वेळ बरा मिळतो, शॉर्ट केसला फारच थोडा. रुग्ण भंडारा-गोंदियाकडचा असेल तर झाडीबोलीत बोलतो, आणि त्या बोलीत उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याशी तो मोकळा होतो. सकाळपासून दहा जणांनी पोट दाबलेल्या माणसाकडून हकिकत काढायला दुसरा उपाय नाही. तपासण्याआधी परवानगी, पडदा आणि रुग्णाच्या उजव्या बाजूला उभे राहणे या तीन गोष्टी परीक्षक न बोलता टिपतात.

नंतर तोंडीची टेबले. उपकरणांच्या टेबलावर अॅलिस, बॅबकॉक, कॉकर, डीव्हर यांची नावे आणि उपयोग. कॉकर हा थायरॉइडच्या शस्त्रक्रियेसाठी १९०९ चे नोबेल मिळालेला सर्जन, हे सांगितले तर पुढचा प्रश्न थायरॉइडवर येतो. तयारी असेल तरच सांगावे. नमुन्यांच्या टेबलावर बरणीतला ॲपेंडिक्स किंवा खड्यांनी भरलेले पित्ताशय. एक्स-रेच्या टेबलावर उजव्या श्वासपटलाखालची हवा, म्हणजे फुटलेले आतडे किंवा जठर, आणि पाण्याच्या पातळ्या, म्हणजे आतड्याला अडथळा. शेवटचे टेबल शस्त्रक्रियांचे : चीर कुठे, थर कोणते, कोणती नस वाचवायची. ते आटोपले की गुण विद्यापीठाकडे जातात, आणि निकालानंतर इंटर्नशिप लागते. तिच्या सर्जरीच्या पाळीत पहिले काम बहुधा ड्रेसिंगचे असते.