उमेदवारी

आमच्या रोह्याकडच्या बौद्धवाडीत 'नोकरी लागली' आणि 'कामाला लागला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. धाटावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडं ड्रम उचलणारा माझा भाऊ कामाला लागलेला. नोकरी म्हणजे पगारपत्रक, फंड, लग्नाच्या बैठकीत सांगता येईल अशी गोष्ट. सप्टेंबर 2024 मध्ये मी जे काही लागलो, त्याला वाडीत शब्दच नव्हता. आय सगळ्यांना सांगत सुटली, पोरगा मास्तर झाला.

मी म्हटलं, "आय, मास्तर नाय. प्रशिक्षणार्थी."

"म्हंजे काय?"

"शिकाऊ."

"आरं, डीएड झालास, बीए झालास. आजून किती शिकवणार हायेत तुला?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. अजून नाही.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 च्या जुलैत आली. बारावीवाल्याला महिना 6000, आयटीआय-पदविकावाल्याला 8000, पदवीधराला 10000. त्याला पगार म्हणायचं नाही, विद्यावेतन म्हणायचं. मुदत 6 महिने, पुढं 2025 मध्ये आणखी 5 वाढले. शेवटी प्रमाणपत्र. पोरं कचेऱ्यांत गेली, दवाखान्यांत गेली, आणि आमच्यासारखी जिल्हा परिषदेच्या शाळांत.

डी.एड.ला असतानाही मी शाळेत राबलो होतो, फुकट. तिथं त्याला आंतरवासिता म्हणत. शब्द भारदस्त आहे. गुरूच्या घरात राहून शिकणारा तो अंतेवासी. माझ्या आज्याला मास्तराच्या ओटीवर चढू देत नव्हते, आणि नातवानं आंतरवासिता पूर्ण केली! हा विनोद वर्गात एकट्या मलाच कळला होता.

आणि डी.एड.ची फी कुठनं आली, तेही सांगून टाकतो. पेणजवळच्या हमरापूर-जोहे भागात गणपतीचे कारखाने आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला मी पोरगा, तिथं मूर्ती घासायच्या कामावर चार हंगाम होतो. गौरी-गणपतीला देव मानणार नाही म्हणणाऱ्यानं सोंडेवरचा खडबडीतपणा पॉलिश पेपरनं काढायचा. हसा, मित्रांनो. मीही हसलो होतो, हजेरी घेऊन. पण त्या कारखान्यात एक गोष्ट सरळ होती. आधी साच्यातनं मूर्ती काढायची, मग घासकाम, मग अंगाचा रंग, आणि हात बसला की डोळ्यांची आखणी. आखणीवाल्याला कुणी प्रमाणपत्र विचारत नाही. त्याची मजुरी घासणाऱ्याहून जास्त, हे पहिल्या दिवशीच कळतं. शिकाऊपणाला तिथं शेवट आहे.

शाळेतल्या शिकाऊपणाला शेवट दिसत नाही. 2000 साली शिक्षणसेवक आले. तीन वर्षं मानधनावर, प्राथमिकला महिना 3000. 2023 मध्ये त्याचे 16000 झाले. पण शिक्षणसेवकाला तीन वर्षांनंतर कायम व्हायची वाट तरी आहे. आम्ही त्याच्याही खालची पायरी. टीईटी मी पास आहे. पुढं अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीचं पोर्टल. त्याचं नाव 'पवित्र'. या शब्दाची आपल्या लोकांना पिढीजात धास्ती, आणि माझी गुणवत्ता यादी थोडक्यात हुकली ती नेमकी तिथंच.

जुन्या कचेऱ्यांत उमेदवार असायचे. कधीतरी चिकटवून घेतील या आशेवर बिनपगारी लेखणी झिजवणारे. त्यांच्या घरी पोटापुरतं असायचं म्हणून त्यांना ते जमायचं. आपल्याला उमेदवारीसुद्धा परवडलेली नाही. म्हणून या 10000 ला मी नावं ठेवणार नाही. पहिल्या महिन्याचे पैसे अडले, ते माझं खातं आधारला जोडलेलं नव्हतं म्हणून. चूक माझीच. आले तेव्हा आयनं ते मोजायला मागितले. खात्यातले पैसे मोजता येत नाहीत हे तिला पटेना, शेवटी सगळे काढून आणले.

जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगाला निवेदन दिलं. त्यात त्यांनी मागितलं की मास्तर शक्यतो शेतकरी जातींतनं तयार करा, प्रशिक्षित असू द्या, आणि त्याला 12 रुपयांपेक्षा कमी देऊ नका. दर ठरवून मागितला होता जोतीरावांनी. पोरांत मिसळणारा मास्तर स्वस्त असतो, असं त्यांच्या डोक्यात कुठंच नव्हतं.

माझी शाळा पेण तालुक्यात, डोंगराकडच्या कातकरीवाडीवर. रोह्याहून सकाळची मेमू, निडी, नागोठणे, कासू करत पेण. तिथनं मिनीडोर, पुढं पायी. गुरुजी माणूस वाईट नव्हता. पण त्यांचा जीव ऑनलाइन माहितीत आणि खिचडीच्या हिशोबात अडकलेला. पहिल्याच आठवड्यात पहिली-दुसरी माझ्याकडं आली. शिकाऊ मी, पण मला शिकवायला वर्गात कुणी नव्हतं. मीच शिकवत होतो. एकदा वरून साहेब आले, तेव्हा गुरुजी म्हणाले, "हा आपला ट्रेनिंगवाला पोरगा." पहिलीतली एक पोरगी मोठ्यानं म्हणाली, "तो मास्तर हाय." साहेब हसले. गुरुजीही हसले. मी पाण्याचा तांब्या आणायला गेलो.

दिवाळी झाली आणि वर्ग निम्मा झाला. आईबाप वीटभट्टीवर गेले, पोरं त्यांच्या मागं. ती पोरगीही गेली. चाळीसपर्यंत अंक म्हणत होती.

2025 मध्ये प्रशिक्षणार्थींची ठिकठिकाणी आंदोलनं झाली. मागणी एकच, कायम करा. मीही एका मोर्च्यात होतो, घोषणा दिल्या, घसा बसला. पण परतीच्या गाडीत एक गोष्ट टोचायला लागली, ती आपल्या पोरांपुढं मांडतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं वाडीवरच्या पोराला पात्र शिक्षक मिळायचा हक्क दिला. माझ्याबरोबर मोर्च्यात बारावी पास पोरंही होती, गरजू, प्रामाणिक, माझ्यासारखीच होरपळलेली. त्यांना वर्गावर कायम करा म्हणताना आपण कातकऱ्याच्या पोराला काय म्हणतो? तुला एवढं पुरे? आणि नको म्हणावं, तर त्या पोरांच्या चुलीवर पाणी ओतल्यासारखं होतं. मोर्च्यात मी हे बोललो नाही. भ्यालो. फितूर म्हणतील म्हणून.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती पोरगी परत आली होती. हाताला विटांची भेगाळ. चाळीस विसरली होती, वीसपर्यंत आठवत होते. आम्ही एकविसापासून पुन्हा धरलं. जुलैच्या शेवटच्या दिवशी ती अडतीसवर होती.

प्रमाणपत्र घेऊन मी एका खासगी संस्थेत गेलो. कारकुनानं ते उजेडात धरून पाहिलं. "हा अनुभव आम्ही धरत नाही," म्हणाला. "पण सुरुवातीला बिनपगारी यायची तयारी असेल, तर साहेबांशी बोलतो."

27 ऑगस्टला गणपती होते, म्हणजे कारखान्यात रात्रपाळ्या चालू होत्या. मालकानं ओळखलं. म्हणाला, "मास्तर झालास ना रे तू?" मी पॉलिश पेपर मागितला.