गाडीमागची होडी

शिडाची होडी ट्रेलरवर घालून घरच्या साध्या गाडीने समुद्रापर्यंत न्यायची म्हटलं, की ऐकणारा हमखास इंजिनाबद्दल विचारतो. किती सीसी? डिझेल आहे का? मी इंग्लंडात कव्हेंट्रीला मोटारींच्या चेसिसवर काम करतो. धावती गाडी सरळ कशी राहते, वळताना आणि थांबताना कशी वागते, हे तपासणं हा माझा पेशा. उन्हाळ्यातल्या सुट्ट्यांना माझीच गाडी मागे होडी घेऊन दक्षिण किनाऱ्यावरच्या चिचेस्टर हार्बरला जाते. पेशा आणि छंद असे एकत्र आल्यामुळे माझं मत पक्कं झालं आहे: ओढायची ताकद आजच्या कुठल्याही मध्यम गाडीत असते. कस लागतो तो ओढलेलं ओझं थांबवताना, आणि त्याहून जास्त ते सरळ रेषेत ठेवताना.

इथल्या मराठी मंडळात एका तरुण जोडप्याने मला विचारलं होतं, “काका, होडी घ्यायची तर आधी मोठी गाडी घ्यावी लागेल का?” मी त्यांना त्यांच्याच गाडीपाशी नेलं आणि दार उघडायला लावलं. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली एक पट्टी असते, तिच्यावर चार वजनं छापलेली असतात. पहिलं, माणसं आणि सामानासकट गाडीचं जास्तीत जास्त वजन. दुसरं, गाडी आणि ट्रेलर मिळून जास्तीत जास्त वजन. उरलेली दोन पुढच्या आणि मागच्या आसांची. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की भरलेल्या गाडीमागे किती ओढता येईल ते कळतं. समजा पहिला आकडा १९५० किलो आणि दुसरा ३३५० किलो, तर १४०० किलो. दुसरा आकडा छापलेलाच नसेल, तर त्या गाडीला ओढण्याची मान्यता नाही असं धरून चालावं. काही हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांचं असं आहे, म्हणून गाडी बदलण्याच्या विचारात असाल तर हे आधी पाहा.

हा आकडा कंपनी मनाने लिहीत नाही. युरोपातल्या नियमाप्रमाणे पूर्ण भरलेली गाडी आणि ट्रेलर १२ टक्के चढावर उभे करून, पाच मिनिटांत पाच वेळा जागेवरून हलवून दाखवावे लागतात. क्लच आणि गिअरबॉक्स त्यात टिकले पाहिजेत. म्हणजे ओढण्याचा भाग कारखान्यानेच तपासून दिलेला असतो. पुढचं आपल्या हातात.

होड्यांचं म्हणाल, तर ब्रिटनमध्ये सामान्य घरांत शिडाची होडी आली तीच छोट्या गाड्यांच्या जमान्यात. इयन प्रॉक्टर यांनी १९५७ साली वेफेअरर आखली. लांबी ४.८२ मीटर, नुसत्या सांगाड्याचं वजन १६९ किलो. फ्रँक डाय यांनी अशाच उघड्या वेफेअररमधून स्कॉटलंडहून १९६३ मध्ये आइसलंड आणि १९६४ मध्ये नॉर्वे गाठलं. पाठोपाठ मिरर आली. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांचा आराखडा, ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राचा पुढाकार, म्हणून लाल शिडं. प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवून घरच्या गॅरेजमध्ये जुळवायची ही होडी गाडीच्या टपावरही बसायची. आजवर अशा सत्तर हजारांहून जास्त बनल्या. धक्क्यावरच्या कायमच्या जागेचं वार्षिक भाडं ज्यांना परवडणारं नव्हतं, त्यांना ट्रेलरने समुद्र मिळवून दिला, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. आजही वेफेअरर ट्रेलरसकट ७५० किलोंच्या पुष्कळ आत राहते. इथल्या कायद्यात तेवढ्यापर्यंत ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात. मात्र त्याचं वजन गाडीच्या मोकळ्या वजनाच्या निम्म्याहून जास्त नको.

रात्री झोपायला केबिन हवी असेल, तर वजन झपाट्याने वाढतं. कॉर्निश श्रिम्पर ही १९ फुटी देखणी होडी स्वतःच टनभराची. ट्रेलर, इंजिन, सामान धरून दीड टनाच्या आसपास जाते. यावर कॅलिफोर्नियातल्या मॅकग्रेगर कंपनीने शोधलेली वाट मला फार हुशारीची वाटते. होडी उलटू नये म्हणून तळाशी वजन लागतं. त्यांच्या २६एम या होडीत त्यातलं बरंचसं वजन पाण्याचं. होडी सरोवरात उतरली की तळातली टाकी भरायची, सुमारे ५२० किलो पाणी आत येतं. परतताना ते तिथेच सोडून द्यायचं. रस्त्यावर उरतात साधारण साडेअकराशे किलो आणि ट्रेलर.

परवान्याचं एक सांगून टाकतो, कारण भारतातून आलेल्यांना ते अडत होतं. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ नंतर गाडीची परीक्षा पास झालेल्यांना जड ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. इथे येऊन परवाना काढलेले आपण जवळपास सगळेच त्यात. डिसेंबर २०२१ मध्ये ही अट गेली. आता साध्या परवान्यावर ३५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. नियम सैल झाल्याने जबाबदारी वाढली, असं मी मानतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ट्रेलर मागे झुलू लागणं हा या प्रवासातला सगळ्यात गंभीर धोका आहे. ट्रेलरचं टोक गाडीच्या मागच्या गोळ्यावर टेकलेलं असतं. बाजूच्या वाऱ्याने किंवा ओलांडून जाणाऱ्या ट्रकच्या हवेने तो एका बाजूला सरकतो, त्याचे टायर त्याला परत ओढतात, तो मधल्या रेषेच्या पलीकडे जातो आणि पुन्हा परततो. कमी वेगात हे झोके आपोआप विरतात. वेग वाढत जातो तसे ते विरायला जास्त वेळ घेतात. गाडी आणि ट्रेलरच्या प्रत्येक जोडीचा एक वेग असा असतो, की तिथे झोके विरतच नाहीत, आणि त्याच्यावर गेलात की प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. त्या वेगापर्यंत सगळं अगदी सुरळीत वाटतं, धोक्याची चाहूलही लागत नाही. म्हणून ही गोष्ट फसवी.

तो वेग वर ढकलायचा, म्हणजे आपल्या रोजच्या वेगापासून लांब न्यायचा, तर दोन गोष्टी कराव्या लागतात. पहिली बैलगाडी हाकणाऱ्याला शिकवावी लागत नाही. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झालं की बैलांच्या मानेवर येतं. तो पोती पुढेमागे सरकवून मेळ बसवतो. ट्रेलरचंही टोक गोळ्यावर थोडं दाबून बसलेलं हवं. ब्रिटनमध्ये एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के भार टोकावर ठेवतात, म्हणजे हजार किलोंच्या ट्रेलरला पन्नास ते सत्तर किलो. मोजणं सोपं आहे. सपाट जागी न्हाणीघरातला वजनकाटा ठेवा, टोकाच्या उंचीएवढा लाकडी ठोकळा त्याच्यावर उभा करा आणि टोक त्यावर टेकवा. आकडा चुकत असेल तर होडी ट्रेलरवर थोडी पुढे किंवा मागे घ्या. त्यासाठी विंचचा खांब सरकवता येतो. टोकावर किती भार चालेल, ते गाडीच्या टो-बारवर लिहिलेलं असतं. ती मर्यादा ओलांडू नका.

अमेरिकेतले लोक दहा ते पंधरा टक्के सांगतात. तिथे वेग जास्त आणि ओढणाऱ्या गाड्याही बहुधा दणकट. युरोपात टोकावर भार कमी ठेवतात आणि बदल्यात वेगावर बंधन घालतात. जर्मनीत ट्रेलर असला की एरवी ताशी ८० किलोमीटर. ब्रिटनमध्ये साध्या रस्त्यावर ५० मैल, मोटरवेवर ६०, आणि तीन लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन वर्ज्य. हे दोन वेगवेगळे मेळ आहेत. अमेरिकन सल्ला वाचून युरोपातल्या गाडीवर तेवढा भार टाकला, तर मागचा आस दबतो, पुढची चाकं हलकी होतात आणि सुकाणूच सैल पडतं.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात कमी येते. टोकावरचा भार बरोबर असूनही ट्रेलर झुलू शकतो, कारण वजन दोन्ही टोकांना पसरलेलं असतं. आसापासून एक मीटरवर ठेवलेलं दहा किलोंचं सामान तीन मीटरवर नेलं, तर झुलण्यातला त्याचा वाटा नऊपट होतो. अंतराचा वर्ग लागतो. होडीत नेमक्या जड वस्तूच टोकांना असतात: मागच्या फळीवर टांगलेलं आउटबोर्ड इंजिन, नाळेत नांगर आणि साखळी. पुढचं मागच्याला तोलतं, म्हणून काटा खूश असतो, पण एकदा झुलू लागलेला ट्रेलर हीच दोन वजनं आवरू देत नाहीत. म्हणून इंजिन काढून गाडीत ठेवायचं, नांगर आणि साखळी आसाच्या वर होडीच्या तळाशी. इतकं साधं काम, आणि मला विचाराल तर मोठ्या गाडीवर घालवलेल्या पैशांपेक्षा याचा उपयोग अधिक.

ऑक्सफर्डहून दक्षिणेला जाणारा ए३४ हा रस्ता न्यूबरीच्या अलीकडे उघड्या टेकड्यांवरून जातो. वारा आडवा, बंदराकडे जाणारे ट्रक सतत शेजारी, आणि लांब उतार. उतारावर ट्रेलर गाडीला मागून ढकलत असतो, म्हणून वेग माथ्यावरच कमी करायचा. तरीही झुलणं सुरू झालंच तर ॲक्सिलरेटरवरचा पाय हलकेच उचला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवा. प्रत्येक झोक्याला उलटं वळवायचा मोह होतो. पण आपला हात पोहोचेपर्यंत झोका दिशा बदलून गेलेला असतो, आणि आपली दुरुस्ती त्यालाच जोर देते. वेग वाढवून ट्रेलर सरळ होतो, हा समज जीवघेणा आहे. जोरात ब्रेक मारणंही टाळा.

पाण्याच्या काठावर वेगळी परीक्षा. साध्या गाडीला ओढ असते पुढच्या चाकांची. उतारावर पाठ पाण्याकडे करून उभं राहिलं की वजन मागे जातं, त्यात टोकाचा भार मागे, आणि पुढच्या चाकांखाली ओहोटीने उघडं पडलेलं शेवाळ. उपाय दोरखंड. गाडी वर कोरड्या काँक्रीटवर थांबवायची, चाकांना अडणी लावायची, ट्रेलर सोडवून त्याच्या पुढच्या छोट्या चाकावर दोराने खाली सोडायचा आणि तसाच वर ओढायचा. चिचेस्टर हार्बरला उधाणात पाणी चारेक मीटर चढतं. तिथल्या बोशममध्ये किनाऱ्यालगतचा रस्ताच भरतीत बुडतो आणि उभ्या गाड्यांत पाणी शिरतं, म्हणून भरतीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय जेवायला बसू नये. आणि डोलकाठी उभी करण्याआधी वर पाहायचं. ॲल्युमिनियम असो की कार्बन फायबर, दोन्हींतून वीज वाहते आणि विजेच्या तारांना शिवलेली डोलकाठी माणूस मारते.

ट्रेलर मरतो तो बेअरिंगांमुळे. लांबच्या प्रवासाने चाकांचे हब तापलेले असतात. तसेच थंड खाऱ्या पाण्यात घातले, तर आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. वाटेत थांबाल तेव्हा हबला हात लावून पाहा आणि पोहोचल्यावर ते निवेपर्यंत थांबा. तोवर डोलकाठी उभी करून होते. छोट्या होड्यांसाठी दुहेरी ट्रेलर मिळतो, त्यात होडी एका हलक्या ढकलगाडीवर आणि ती ढकलगाडी रस्त्याच्या ट्रेलरवर. पाण्यात फक्त ढकलगाडी जाते. नवख्याने हाच घ्यावा.

उन्हाळा संपला की इथल्या होड्या पाण्याबाहेर निघतात आणि हिवाळाभर जागा अडवण्यापेक्षा विकायला काढलेल्याही पुष्कळ असतात. घ्यायला हाच काळ चांगला. पाहायला जाल तेव्हा होडीच्या आधी ट्रेलरखाली वाका. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा, घरघर आली तर बेअरिंग गेलं. टायरची नक्षी पाहून फसू नका, ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने चिरतात. कडेला चार आकडी शिक्का असतो: २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. हँडब्रेक ओढून वर्षभर उभ्या ठेवलेल्या ट्रेलरचे ब्रेक ड्रमला चिकटलेले असतात, ते सोडवून दाखवायला मालकाला सांगा. आणि वजनाची पट्टी वाचा, तिचा फोटो काढा, घरी येऊन तुमच्या गाडीच्या पट्टीशी ताडून पाहा, मग पैशांचं बोला.