रिपोर्टमध्ये जंतू निघाले, म्हणजे आजार झाला का?

"डॉक्टर, लघवीच्या रिपोर्टमध्ये जंतू निघालेत!" असा घाबरलेला फोन मला वरचेवर येतो. मी आधी एकच विचारते, "त्रास काय होतोय?" हा प्रश्न विचारायला मला माझ्या आईने शिकवलं.

काही वर्षांपूर्वी आईच्या नेहमीच्या तपासण्यांबरोबर मी लघवीचं कल्चरही करून घेतलं. त्यात ई. कोलाय नावाचे जंतू आले. तिला जळजळ नव्हती, ताप नव्हता, पोटात दुखत नव्हतं. तरी रिपोर्ट बघून मी अँटिबायोटिक सुरू केलं. चौथ्या दिवशी तिला जुलाब लागले, ते थांबेनात. शेवटी सलाइन लावावं लागलं. तेव्हा ती म्हणाली, "अगं, मला काही होतच नव्हतं. मग औषध कशाचं दिलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जंतू म्हटलं की आपल्याला रोगच आठवतो. पण जिवाणू नाहीत अशी जागा शोधणंच कठीण. कुंडीतल्या चमचाभर मातीत ते कोट्यवधी असतात. दुधाचं दही तेच लावतात. आपण विरजण घालतो, म्हणजे जिवाणूच घालतो. तुमच्या हातातल्या मोबाइलवरही ते आहेत. १६८३ साली हॉलंडमधल्या लेवेनहूक या कापड व्यापाऱ्याने स्वतःच्या दातांवरचा मळ स्वतः बनवलेल्या भिंगाखाली पाहिला, तेव्हा त्याला वळवळणारे इवलेसे जीव दिसले. तो काही आजारी नव्हता!

शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे एका माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे साधारण आपल्या स्वतःच्या पेशींइतकेच. सगळ्यांचं मिळून वजन मात्र २०० ग्रॅमच्या आसपास. यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. आपल्याला न पचलेला चोथा ते पचवतात, के जीवनसत्त्व तयार करतात आणि जागा अडवून ठेवल्यामुळे घातक जंतूंना पाय रोवू देत नाहीत. अँटिबायोटिकला यातला आपला कोण आणि परका कोण हे कळत नाही. आईचे जुलाब त्यातूनच उद्भवले.

मग जंतू त्रास कधी देतात? बरेचदा जागा बदलली की. ई. कोलाय आतड्यात निमूट राहतात, तेच मूत्रमार्गात शिरून सूज आणू शकतात. पण तिथे सापडले म्हणजे सूज आलीच, असंही नाही. वय झालेल्या अनेक स्त्रियांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू असतात. त्यांना औषध देऊन फायदा होत नाही. उलट जुलाब होतात आणि औषधाला दाद न देणारे जंतू मागे उरतात. पुढे खरी गरज पडते तेव्हा तेच औषध चालत नाही.

याला अपवाद आहेत, ते नीट लक्षात ठेवा. गरोदर बाईच्या लघवीत जंतू निघाले तर त्रास नसला तरी उपचार लागतात, कारण संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. मूत्रमार्गावरची शस्त्रक्रिया असेल तरीही आधी औषध द्यावं लागतं. आणि लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप किंवा कंबरेत एका बाजूला दुखणं असेल तर घरी थांबू नका. थुंकीत क्षयाचे जंतू किंवा रक्तात टायफॉइडचे जंतू सापडले तर तो आजारच, तिथे हा लेख दाखवून औषध टाळू नका. चालू असलेलं औषधही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

पण नुसताच रिपोर्ट हातात आला असेल आणि तुम्हाला काही होत नसेल, तर डॉक्टरांना अवश्य विचारा, "मला त्रास नाही, तरी हे औषध लागेल का?"

माझ्या आईने विचारलं होतं. फक्त मी औषध दिल्यानंतर. तुम्ही आधी विचारा.