बाभळीचा काटा आणि रबराचा चीक

पुण्याच्या टेकड्यांवर माउंटन बाइक चालवायची तर बाभळीशी गाठ पडणारच. वेताळ टेकडी असो की तळजाई, पावसाळा सरला की वाळलेल्या फांद्या पायवाटेवर पडतात आणि त्यांचे लांब पांढरे काटे मातीत मिसळून जातात. ट्यूबचं चाक असेल तर एका फेरीत दोनदा पंक्चर काढत बसणं इथे नवलाचं नाही. ट्यूबलेसवर काटा घुसतो, क्षणभर फुस्स होतं, आतलं सीलंट भोकापाशी धावतं आणि चाक फिरत राहतं. शिवाय हवा पंचवीस पीएसआयच्या आसपास ठेवता येते, म्हणून टायर खडकाला धरून चालतो. ज्याने एकदा हे अनुभवलं, तो ट्यूबकडे परत जात नाही.

नवी चाकं घेतली तेव्हा दुकानात सीलंटच्या चार-पाच बाटल्या मांडलेल्या होत्या. "सर, ही घ्या, सगळे हीच नेतात," मेकॅनिक म्हणाला. तो मनापासूनच सांगत होता. पण टायरसोबत आलेल्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, अमोनिया नसलेलं सीलंट वापरा. आणि सगळे नेत असलेल्या बाटलीचं झाकण उघडताच अमोनियाचा वास नाकात शिरला. त्या दिवशी मी बाटली न घेताच परतलो.

रबराच्या चिकात अमोनिया कशाला, याचं उत्तर मला दोडामार्गात मिळालं. सिंधुदुर्गाच्या त्या टोकाला रबराच्या बागा आहेत. ओळखीतून एका बागेत पहाटे जायला मिळालं. सालीवर तिरका काप घेतला की पांढरा चीक ठिबकत वाटीत जमतो. त्यात रबर साधारण एक-तृतीयांश, बाकी बहुतेक पाणी. चीक लांब पाठवायचा असेल तर त्यात अमोनिया घालतात, म्हणजे तो पातळ राहतो. शीट पाडायची असेल तर उलट, ट्रेमध्ये पाणी मिसळलेलं फॉर्मिक ॲसिड ओततात आणि दुधात लिंबू पिळावं तसा चीक फाटून घट्ट होतो. "अमोनिया उडाला की हा थांबत नाय हो," बागेतले काका म्हणाले. टायरमध्येही हेच चालतं. काट्याच्या भोकातून हवेबरोबर सीलंट बाहेर फेकलं जातं, त्यातले बारीक कण भोकात अडकतात आणि उघड्यावर आलेला चीक त्यांच्याभोवती साकळतो. म्हणजे चाकात आपण जे ओततो, ते साकळायला टेकलेलं आणि तरी रोखून धरलेलं द्रव्य असतं. कशाने रोखलंय आणि कशाने सुटेल, हे कळलं की निवड बरीच सोपी होते.

पंक्चरवाले मोटरसायकलच्या ट्यूबलेस टायरसाठी जे जेल भरतात, ते सायकलला का चालू नये, असं टेकडीवर बरेच जण विचारतात. ते बहुधा ग्लायकॉल आणि तंतूंचं असतं. काट्याचं भोक ते बुजवतं, पण सुकून धरत नाही. माविक या फ्रेंच कंपनीने १९९९ साली यूएसटी ही ट्यूबलेस चाकं आणली, तेव्हाच्या टायरला आतून हवाबंद थर असायचा, वजनही तसंच. आजचे हलके टायर त्या थराशिवाय येतात. त्यांच्या साइडवॉलमधून हवा झिरपते, रिमला धरणाऱ्या कडेपाशी, म्हणजे बीडपाशीही थोडी निसटते, आणि ती वाट बंद करण्याचं काम सीलंटचंच. जाड जेल चाकाच्या तळाशी साठून राहतं, साइडवॉलपर्यंत नीट पसरत नाही. मला हा पर्याय अजिबात पटत नाही.

टायरच्या कागदाने नको म्हटलेल्या अमोनियाची दुसरी अडचण ॲल्युमिनियमची. रिम टेपला कुठे चीर असेल तर सीलंट खाली उतरतं आणि आऱ्यांच्या ॲल्युमिनियमच्या निपलवर पांढरी भुकटी धरते. झटपट हवा भरायची कार्बन डायऑक्साइडची काडतुसंही साकळण्याच्या हिशेबात येतात. हा वायू पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं, म्हणजे दोडामार्गच्या ट्रेमध्ये होतं तेच टायरच्या आत. काही सीलंट ते सहन करतात, काहींच्या गुठळ्या होतात. मी काडतुसं सोडून फ्रेमला छोटा हातपंप लावला. चार मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

मग कणांचा प्रश्न. शर्यतींसाठीच्या काही सीलंटमध्ये मोठे कण असतात, मोठी चीर बुजावी म्हणून. ते व्हॉल्व्हमधून जात नाहीत, टायरची एक कड सोडवून ओतावे लागतात. आपला वैरी बाभळीचा काटा, त्याला बारीक कण पुरतात. म्हणून मी अमोनिया नसलेलं, व्हॉल्व्हमधून भरता येणारं सीलंट घेतलं. २९ इंची, २.३ रुंदीच्या टायरला प्रत्येकी साधारण १०० मिली. बाटली मात्र जोरात हलवायची, कारण कण तळाशी बसलेले असतात, आणि ते तळाशीच राहिले तर चाकात नुसतं पातळ पाणीच जातं.

जुनं सीलंट शिल्लक असेल तर त्यावर दुसरं ओतण्याआधी मी काचेच्या बरणीत दोन्ही चमचाचमचाभर एकत्र करून रात्रभर ठेवतो. सकाळी गुठळ्या दिसल्या तर टायर उतरवून धुतो. या साध्या चाचणीवर माझा बाटलीवरच्या कुठल्याही दाव्यापेक्षा जास्त विश्वास आहे. बाटल्यांवर उणे तापमानाचे आकडे छापलेले असतात, आपल्याकडे प्रश्न एप्रिल-मेचा. उन्हात उभ्या सायकलच्या टायरमधलं पाणी भराभर उडतं आणि आत नुसती रबराची साय उरते. उन्हाळ्यात महिन्याभराने व्हॉल्व्हचा कोअर काढून, व्हॉल्व्ह खाली आणून, बारीक काडी आत घालून बघावं. काडी ओली आली नाही तर भर घालायची.

खडकाने साइडवॉल कापला तर कुठलंही सीलंट पुरत नाही, म्हणून पाठीवर प्लग आणि एक ट्यूब असतेच. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट जपून फिरवावं. सीलंटने बुजवलेले कित्येक काटे तिथे तुटून राहिलेले असतात आणि त्यातला एक जरी राहिला तरी नवी ट्यूब टेकडी उतरेपर्यंत टिकत नाही.