माझ्या हातून

1991च्या सीझनला मी पेणच्या एका कारखान्यात हिशेब लिहायला होतो. कारखाना म्हणजे गणपतीचा. पेणमध्ये हे वेगळं सांगावं लागत नाही. घरी अडचण नव्हती. तरी एका संध्याकाळी गल्ल्यातले तीनशे रुपये मी खिशात घातले. कशासाठी, ते तेव्हाही सांगता आलं नसतं. चार दिवसांनी हिशेब जुळेना, तेव्हा मूर्ती घासायला असलेल्या माझ्याच वयाच्या मुलाला काढून टाकलं. पॉलिश पेपरचा तुकडा त्याच्या हातात तसाच होता, बोटं पांढरी झालेली. मी वहीत मान घालून बसलो.

पुढे धाटावच्या एमआयडीसीत नोकरी लागली. पेणहून रोह्याला रोजची गाडी. त्या गाडीत काका भेटले. मूळचे नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. जेवणाचा डबा उघडण्याआधी दोन क्षण डोळे मिटायचे, एवढाच त्यांचा धर्म आम्हाला दिसे. मला वाटे, आदाम-हव्वेनं फळ खाल्लं म्हणून सगळे पापी, हे मूळपाप म्हणजे काय गोष्ट झाली! तसं मी त्यांना तोऱ्यात बोललोही. काका हसले आणि त्यांनी मला ऑगस्टीनची गोष्ट सांगितली. इसवी सन 354 साली उत्तर आफ्रिकेत जन्मलेला हा माणूस सोळाव्या वर्षी पोरांबरोबर शेजारच्या झाडाची नासपती चोरतो. भूक नव्हती. बरीचशी फळं डुकरांपुढे टाकली. पुढे बिशप झाल्यावरही त्याला ती चोरी छळत राहिली, कारण तिला कारणच सापडत नव्हतं.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. नासपती मी तोवर खाल्लीही नव्हती.

पुढे काकांनी ऑगस्टीनचा वादही सांगितला. पेलागियस नावाचा साधू म्हणे, माणसानं मनावर घेतलं तर तो स्वबळावर निष्पाप राहू शकतो. ऑगस्टीन म्हणे, इच्छा आहे, पण ती आजारी आहे; देवाच्या कृपेशिवाय ती सरळ होत नाही. 418 साली कार्थेजच्या धर्मसभेनं पेलागियसचं मत नाकारलं. मला पेलागियस पटायचा. मग काकांनी बायबलमधल्या, पौलाच्या रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय वाचायला दिला. जे चांगलं करावंसं वाटतं ते होत नाही, नको तेच करून बसतो, असं पौल तिथे कळवळून सांगतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनही विचारतो, की इच्छा नसताना माणसाला पापाकडे कोण ढकलतं? आमच्याच पेण तालुक्यातल्या गागोद्याच्या विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ का केलं असेल, ते मला तेव्हा थोडं उमगलं.

पण मला यात पळवाटच दिसली. पौलाच्या त्याच पत्रात पुढे कुंभार आणि मातीचा दाखला आहे. मी म्हणालो, “काका, माती काय करणार? साच्यात दाबली तशी निघणार.”

“तुमच्या पेणच्या मातीनं कधी गल्ल्यात हात घातलाय का रे?”

त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. गल्ला हा शब्द सहज आला असावा. माझे मात्र कान तापले. त्याच आठवड्यात मी त्यांना सगळं सांगितलं. “माझ्या हातून चोरी झाली,” असं म्हणालो.

“झाली नाही. तू केलीस,” काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. “आपल्या मराठीत ही मोठी सोय आहे बघ. चूक होते, शब्द जातो, हातून घडतं. सगळं घडतं, करणारा कोणी नसतो. मूळपाप म्हणजे सबब नव्हे रे. इच्छा वाकडी असली तरी ती तुझीच.”

मी ख्रिस्ती झालो नाही, काकांनी तसं कधी सुचवलंही नाही. पण त्या दिवसापासून मला माझं एकेक वाक्य तपासावं लागलं. ऑफिसात, घरी, बायकोशी बोलतानासुद्धा. हे त्यांचं देणं आहे.

त्या मुलाकडे जायला मला आणखी दोन वर्षं लागली. तो आता आखणी करत होता, स्वतःच्या शेडमध्ये. मी बोललो तेव्हा कुंचला मूर्तीच्या उजव्या डोळ्यावर होता. त्यानं तो डोळा पुरा केला, मग चहा मागवला. शाडूचे भाव किती वाढले ते सांगत बसला. तीनशे रुपये मी पाटावर ठेवले, ते त्यानं उचलले नाहीत, परतही दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गाडीत काकांनी एवढंच विचारलं, “काय म्हणालास त्याला?”

“मी घेतले होते, म्हणालो.”

त्यांनी मान हलवली. कासू गेलं, नागोठणं आलं, तरी ते काही बोलले नाहीत.